ब्रेकअपच्या गाण्याचा व्हिडिओ करायचाय, पाऊस-दाढी-ड्रोन सोडून काय बघू?

बॅकबेंचर_सांगली
मंडळी मदत पाहिजे, आणि जरा घाईत पाहिजे. माझा एक मित्र गातो, स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो, आणि गाणं खरंच बरं झालंय. ३ मिनिटं ५० सेकंद. ब्रेकअपचं आहे पण त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाहीये, दोघं हळूहळू लांब गेलेत एवढंच. व्हिडिओ मी करतोय. पैसे सगळे मिळून ३५ हजार, शूटला २ दिवस, एक मिररलेस कॅमेरा, ५० एमएमची एक लेन्स, एक किट लेन्स आणि गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारं हँडल) भाड्याने. आता अडचण अशी की मित्राच्या डोक्यात व्हिडिओ आधीच तयार आहे. पाऊस, वाढलेली दाढी, किल्ल्यावर ड्रोन, हातात बाटली, आणि शेवटी तिच्या लग्नाच्या मांडवासमोरून हा स्लो मोशनमधे जाणार. मी म्हणलं अरे गाण्यात तिचं लग्नच होत नाहीये तर मांडव कुठून आणू, तर म्हणतो लोकांना कळायला पाहिजे ना. तर मला असे व्हिडिओ सांगा ज्यात दुःख कॅमेऱ्याने दाखवलंय, सामानाने नाही. भाषा कुठलीही चालेल, त्याला समोर बसवून दाखवणार आहे.

तर्री_जास्त
किल्ल्यावर ड्रोन उडवायला परवानग्या लागतात, ३५ हजारातले निम्मे त्या हेलपाट्यातच जातील हे सांग त्याला, आपोआप शहाणा होईल. आणि बाटलीत कोरा चहा असतो हे आता पाचवीतल्या पोराला पण माहितीय 😄

जुनी_कॅसेट
आयरिश गायिका शिनेड ओकॉनरचं 'नथिंग कंपेअर्स टू यू' दाखव, १९९० चं. दिग्दर्शक जॉन मेबरी. गाणं मुळात प्रिन्स या गायकाचं, पण आता कुणी ते त्याच्या नावाने ओळखत नाही. आमच्याकडे केबल आल्यावर मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं टीव्ही अडकलाय की काय, कारण बराच वेळ फक्त एक चेहरा. बारीक कापलेले केस, काळा गळाबंद स्वेटर, मागे काळोख. मधेमधे ती पॅरिसजवळच्या एका बागेत काळा कोट घालून चालते, पुतळे वगैरे दिसतात, ते सगळं सुंदर आहे पण लक्षात राहतो तो चेहराच. शेवटाकडे आईने लावलेल्या फुलांची ओळ येते आणि डोळ्यातनं पाणी येतं. ते ठरवलेलं नव्हतं असं तिनेच नंतर सांगितलंय, तिची आई १९८५ मधे अपघातात गेली होती. म्हणजे बघ, गाणं प्रियकराचं, रडू आईचं, आणि बघणाऱ्याला काही फरक पडत नाही. कॅमेरा इतका जवळ असला की कारण विचारायचं सुचतच नाही.

बॅकबेंचर_सांगली
काकू हे आजच बघतो. पण आमचा गडी कॅमेऱ्यासमोर रडणार नाही, त्याला साधं हसू पण येत नाही.

जुनी_कॅसेट
काकू नको रे, ताई म्हण, नव्वदीतले लोक अजून तरुण आहेत. आणि रडायला सांगूच नकोस. तिला तरी कुठे कुणी सांगितलं होतं.

एडिटवाला_दादरचा
क्लोजअपचा सल्ला बरोबर आहे पण एक धोका सांगतो, चेहरा एवढा वेळ धरायचा तर त्या चेहऱ्यात आत काहीतरी चालू असावं लागतं, नाहीतर ते आधारकार्डाच्या फोटोसारखं दिसतं. तुझा मित्र थिजलेला असेल तर त्याला चालायला लाव. माणूस चालायला लागला की अर्धा अभिनय पाय करतात.

यासाठी मॅसिव्ह अटॅक या बँडचं 'अनफिनिश्ड सिम्पथी' बघ, १९९१, दिग्दर्शक बेली वॉल्श. शारा नेल्सन लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवरून चालत येते, गात, आणि पूर्ण व्हिडिओ एकाच टेकमधे स्टेडिकॅमवर, म्हणजे अंगाला बांधलेल्या, धक्के न बसणाऱ्या कॅमेऱ्यावर. आजूबाजूला रस्त्यावरचं जग आपापलं चालू आहे, बँडमधले लोक पण मागेमागे चालताना दिसतात, ती कुणाकडे बघत नाही. आता यात कॅमेरा काय करतोय ते नीट बघ. ती पुढे येते तेवढाच तो मागे सरकतो. ती चालतेय, चालतेय, पण आपल्यापर्यंत कधी पोचतच नाही, आणि कट नाही म्हणून आपल्यालाही सुटका नाही. कट म्हणजे बघणाऱ्याला दिलेला श्वास असतो, इथे तोच काढून घेतलाय.

आणि गंमत म्हणजे १९९७ मधे द व्हर्व या बँडने हीच कल्पना उचलली, 'बिटर स्वीट सिम्फनी', लंडनचा हॉक्सटन स्ट्रीट, पण तो गायक येणाऱ्या-जाणाऱ्यांना धडका मारत जातो. शॉट तोच, भावना एकदम दुसरी, तिथे दुःखापेक्षा मग्रुरी जास्त दिसते. म्हणून "वन टेक घेऊ" एवढं ठरवून भागत नाही, वाटेत येणाऱ्या माणसांशी तो कसा वागणार ते आधी ठरव.

तर्री_जास्त
ॲडेलचं 'समवन लाइक यू' पण तसंच ना, ब्लॅक अँड व्हाइट, पॅरिसमधे चालतेय. ब्रेकअप झालं की सगळे पॅरिसलाच चालायला का जातात? आपल्या सांगलीचा आयर्विन पूल काय वाईट आहे.

बॅकबेंचर_सांगली
आयर्विन पूल!!! लै भारी, हे डोक्यात कसं नाही आलं, रोज जातो की तिथनं

निशिगंध_रात्रीचा
मी जरा उलटं बोलते, रागावू नका. मांडव, दाढी, बाटली याला सगळे हसतायत पण हे साचे लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेले नाहीत. २०१९ चं 'फिलहाल' घ्या, बी प्राकने गायलेलं, जानीचे शब्द, अरविंदर खैराचं दिग्दर्शन, अक्षय कुमार आणि नूपुर सॅनन. पंजाबी दर्दभऱ्या गाण्यांचा तो पूर्ण साचा आहे, जुनं प्रेम, मधे आलेले संसार, नजरानजर, सुराच्या टोकाला स्लो मोशन. माझी मावशी पोळ्या लाटता लाटता थांबून बघायची, तिला ना भाषा पूर्ण कळत होती ना गोष्ट नवीन होती. गोष्ट जुनी आहे म्हणूनच चार मिनिटात मावते, कारण सगळी ओळख करून द्यावी लागत नाही, प्रेक्षक ती घरूनच घेऊन येतो. तमाशात गवळण सुरू झाली की कुणी विचारतं का या बाया मथुरेला का निघाल्यात? तसंच आहे ते.

म्हणून मित्राला "हे जुनाट आहे" असं म्हणू नकोस, तो चिडेल आणि त्याचं थोडं बरोबरही असेल. त्याला म्हण की तुझ्या गाण्यातली गोष्ट त्या साच्यातली नाहीये. मांडव म्हणजे तिसरा माणूस आला. तुमच्यात तिसरा माणूसच नाही, मग मांडव दाखवला की प्रेक्षक गाण्यावर नाही, त्या नवऱ्यावर विचार करत बसतो.

आणि "हळूहळू लांब गेले" साठी टेलर स्विफ्टची 'ऑल टू वेल' ही शॉर्ट फिल्म बघ, २०२१ ची, तिनेच दिग्दर्शित केलेली, ३५ एमएम फिल्मवर. स्वयंपाकघरात दोघांचं भांडण होतं तो भाग लांबलचक, न कापलेला आहे, आणि भांडण कशावरून तर तू माझा हात सोडलास यावरून! पार्टीत मित्रांसमोर हात सोडला, एवढंच. त्यात कुणी खलनायक नाही असं म्हणता येणार नाही पण भांडणाचं कारण इतकं बारीक आहे की अंगावर येतं.

एडिटवाला_दादरचा
निशिगंध, मुद्दा मान्य. मी स्वतः अशी मांडववाली गाणी कापून घर चालवलंय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

स्लो मोशनवरून आठवलं, बॅकबेंचर, एक कामाची गोष्ट. गाताना स्लो मोशन पाहिजे असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करून २५ वर चालवायचं आणि शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मित्राने त्या वेगात ओठ हलवायचे. मग एडिटमधे ओठ बरोबर बसतात पण केस, कपडे, लाटा सगळं संथ होतं. कोल्डप्ले बँडचं 'यलो' असंच केलंय. बघायला विचित्र वाटतं कारण माणूस वेळेत गातोय आणि जग मागे राहिलंय. मित्राला दुप्पट वेगात गाण्याचा सराव आधी घरी करू दे, सेटवर सगळे हसून हसून लोळतात आणि अर्धा तास जातो, अनुभवाचे बोल.

तर्री_जास्त
कोल्डप्लेचंच 'द सायंटिस्ट' कसं विसरलात? पूर्ण उलटं चालतं ते. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन गादीवरून उठतो आणि मागे मागे चालत जातो, शेवटी कळतं की गाडीला अपघात झाला होता आणि ती गेली. उलटं चालवूनही ओठ बरोबर दिसावेत म्हणून तो महिनाभर ते गाणं उलटं म्हणायला शिकला.

जुनी_कॅसेट
पण ते ब्रेकअप नाही, मरण आहे.

तर्री_जास्त
ताई दोन्हीत माणूस परत येत नाही

जुनी_कॅसेट
ब्रेकअपमधे येतो रे, तोच तर त्रास आहे. बाजारात भेटतो, लग्नात पंगतीत समोर बसतो. मेलेल्या माणसाचा व्हिडिओ उलटा फिरवता येतो, शेवटी दोघं गाडीत छान बसलेले दिसतात आणि आपण ढसाढसा रडतो. पण सोडून गेलेल्या माणसाला उलटं फिरवलं तर काय दिसेल, पहिली भेट. त्याने वाईट वाटेलच असं नाही.

ओवी_आणि_ओव्हरटाइम
बाहेरचं सगळं झालं, जरा आपल्या घरातलं सांगू का? ज्ञानेश्वरांच्या विराण्या वाच एकदा, म्हणजे विरहिणीचे अभंग. तिथे ती रडते कमी. ढग वाजतायत, वारा वाहतोय, चांदणं आहे, चाफा आहे, चंदन आहे, आणि चंदनाची चोळी सगळं अंग पोळते. सगळ्या गार वस्तू, आणि चटका बसतोय. मला तर हे शॉट डिव्हिजनच वाटतं, म्हणजे कुठल्या शॉटमधे काय दिसणार याची यादी, एका शॉटमधे सुद्धा प्रियकर नाही. आता तुझ्याकडे चंदन नसेल पण दोघांचा रोजचा चहाचा गाडा असेलच. आधी तो दोघांसोबत शूट कर. मग कॅमेरा तिथेच, उंची तीच, लेन्स तीच, आणि तो एकटा. फ्रेम बदलायची नाही, अर्धी फ्रेम रिकामी राहू दे. त्याने त्या रिकाम्या बाजूला बघायचं पण नाही. जमिनीवर खुणेला टेप लाव, नाहीतर दुसऱ्या दिवशी वीतभर इकडेतिकडे होतं आणि सगळी जादू जाते.

राईन_काठची
मी जर्मनीत असते आणि माझं ब्रेकअप व्हिडिओ कॉलवर झालं, नेटवर्क जात होतं म्हणून "काय? परत बोल" असं तीनदा म्हणावं लागलं, असो. फोनबद्दल सांगायचंय. आजकालच्या सगळ्या व्हिडिओत मेसेजचा स्क्रीन दाखवतात, निळ्या टिका वगैरे, आणि प्रेक्षक वाचायला लागतो, बघायचं थांबतो. ॲडेलचं 'हेलो' आठवतंय का, २०१५, दिग्दर्शक झाविए दोलाँने केलं, काही भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर, आणि तिच्या हातात घडीचा जुना फोन! इंटरनेटवर लोकांनी खूप चेष्टा केली पण मला वाटतं तो फोन होता म्हणूनच ते कुठल्याही सालातलं वाटतं. तुला जुना फोन नको असेल तर स्क्रीन दाखवूच नको, अंधारात चेहऱ्यावर पडलेला उजेड दाखव, आणि तो उजेड आपोआप विझतो ना तीस सेकंदांनी, तो विझू दे. बस.

बॅकबेंचर_सांगली
काल रात्री मित्राला बसवलं. शिनेडचं शेवटपर्यंत गप बघितलं, मग म्हणाला मला टक्कल करायला लावणार का. 'अनफिनिश्ड सिम्पथी' दोनदा बघितलं. चहाच्या गाड्याची आयडिया सांगितली तर एकदम शांत झाला आणि म्हणाला गाडा नको, रसवंती घेऊ. मी का विचारलं नाही, कळलं मला.

तर आत्तापर्यंत ठरलंय असं की पहिल्या दिवशी रसवंती, एकाच जागेवरून, आधी दोघं मग एकटा. दुसऱ्या दिवशी पहाटे आयर्विन पुलावर चालायचं, गिंबलवर, जमलं तर एक टेक. त्याने येणाऱ्या माणसांना वाट द्यायची, प्रत्येक वेळी हा बाजूला सरकणार, धडका नाही. रात्री खोलीत फोनचा उजेड. मांडव गेला, बाटली गेली. दाढी ठेवतोय कारण ती त्याला आधीपासूनच आहे. पाऊस आला तर आला. ड्रोनवर अजून अडून बसलाय, एक तरी शॉट पाहिजे म्हणतो, पुलाचा वरून.

एडिटवाला_दादरचा
दे की एक, शेवटी दे. इतका वेळ चेहऱ्याजवळ असलेला कॅमेरा पहिल्यांदाच वर जातो आणि तो पुलावर मुंगीएवढा होतो, तर त्या ड्रोनला अर्थ आहे. सुरुवातीला दिलास तर पर्यटनाची जाहिरात होईल. आणि परवानगीचं आधी बघ.

अजून एक, रसवंतीत ट्यूबलाइट असेल तर शटरचा वेग १/५० सेकंद ठेव, ५० फ्रेमवर असशील तेव्हा १/१००, नाहीतर आपल्याकडच्या विजेने पट्टे फिरतात आणि ते एडिटमधे धड जात नाहीत. चरकाचा आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून आण, घुंगरांसकट. गाणं सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर टाकू.

निशिगंध_रात्रीचा
रसवंतीत ग्लास दोन ठेवा. एकटा असतानाही. गाडीवाला सवयीने दोन आणतो, हा एक परत करतो.

बॅकबेंचर_सांगली
हे त्याला शूटच्या दिवशीपर्यंत सांगत नाही.