पार्किंगचं तिकीट आणि गाडीचा इन्शुरन्स

प्रेषक: सभासद, सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

एक गोष्ट विचारायची आहे. गाडीच्या इन्शुरन्सचं रिन्युअल कालच आलं आणि हप्ता चांगलाच वाढलाय. गेल्या वर्षभरात अपघात नाही, क्लेम नाही. पार्किंगची तिकिटं मात्र दोन. पहिलं सॅन फ्रान्सिस्कोत, सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हाचं. रस्ता झाडायची वेळ होती, पाटी दिसली नाही. ते लगेच भरलं. दुसरं बारा दिवसांपूर्वीचं, क्रॉसवॉकजवळ, म्हणजे पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ, गाडी लावली म्हणून. तिथे फुटपाथच्या कडेला 'गाडी लावू नका' सांगणारा लाल रंगाचा एक ठिपकाही नव्हता! इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "तिकिटांमुळेच असेल." हे खरं आहे का? दुसरं तिकीट मी भरणार नाही असं मनात आहे. ते अन्यायाचं वाटतं.

प्रेषक: सभासद, फ्रीमाँट

अगं, आधी घाबरू नकोस. हप्ता पार्किंगच्या तिकिटांमुळे वाढलेला नाही.

कारण साधं आहे. पार्किंगचं तिकीट गाडीच्या नंबरप्लेटवर निघतं, तुझ्या लायसन्सवर नाही. वायपरखाली तिकिटाचं पाकीट अडकवणाऱ्याला गाडी कोणी लावली होती हे ठाऊक नसतं. तुझा भाचा गाडी घेऊन गेला असता तरी ते तुझ्याच घरी आलं असतं. म्हणून ते डीएमव्हीच्या (राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या) ड्रायव्हिंग रेकॉर्डवर चढत नाही, त्याचा पॉइंट, म्हणजे चुकीचा गुण, लागत नाही. इन्शुरन्स कंपनी बघते ते रेकॉर्ड. स्पीडिंगचा एक पॉइंट साधारण तीन वर्षं तिथे दिसतो, लाल सिग्नल तोडला तरी तेच. ती गाडी चालवतानाची चूक. उभ्या गाडीची चूक त्यात येत नाही.

आपल्या कॅलिफोर्नियात तर हे कायद्यातच बसवलेलं आहे. १९८८ साली मतदारांनी प्रॉपोझिशन १०३ हा इन्शुरन्सच्या दरांचा कायदा थेट मतदानाने मंजूर केला. तेव्हापासून हप्ता ठरवताना आधी तुझं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल चालवतेस ते, मग किती वर्षांचा अनुभव आहे ते, असा क्रम आहे. तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट नसेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर 'गुड ड्रायव्हर' म्हणून किमान २० टक्के सूट द्यावीच लागते. क्रेडिट स्कोअरवरून इथे गाडीचा दर ठरवता येत नाही. त्यामुळे फोनवरच्या मुलाच्या 'असेल'वर विसंबू नकोस. कारण लेखी माग. आणि जुनं-नवं डिक्लरेशन पेज (पॉलिसीचा गोषवारा असलेलं पान) शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघ: मैल, पत्ता, घरातले ड्रायव्हर, कव्हरेज. १ जानेवारी २०२५ पासून राज्याची किमान लायबिलिटीची (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईची) मर्यादाही वाढली: एका जखमीसाठी १५ हजार डॉलरवरून ३०, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी ३० वरून ६० आणि मालमत्तेसाठी ५ वरून १५ हजार झाली. तू किमान कव्हरेजवर असशील तर त्याचाही भाग असू शकतो.

आता न भरण्याबद्दल. हे मात्र करू नकोस गं. तिकीट तसंच ठेवलं की दंडावर दंड चढतो, मग ते डीएमव्हीकडे जातं आणि रजिस्ट्रेशनच्या नोटिशीत ती रक्कम जोडून येते. ती भरल्याशिवाय नंबरप्लेटवरचं रजिस्ट्रेशनचं नवं स्टिकर मिळत नाही. रजिस्ट्रेशन संपून सहा महिने उलटले की गाडी टो करता येते. यार्डात रोजचं भाडं चालू राहतं, आणि तो खर्च इन्शुरन्स देत नाही. मी एका कुटुंबात हे डोळ्यांनी पाहिलंय. गाडी अडकली म्हणून त्यांनी 'चालवत तर नाही' म्हणत पॉलिसीही बंद केली. पुन्हा घ्यायला गेले तेव्हा मधला खंड दिसला आणि दर वाढीव सांगितला गेला. सगळी सुरुवात एका न भरलेल्या कागदापासून.

अन्याय वाटतो तर दाद माग. तिकिटाच्या तारखेपासून २१ दिवसांत पहिला फेरविचार मागता येतो, त्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. तुझे अजून नऊ दिवस हातात आहेत. रंगाचा मुद्दा मात्र चालणार नाही. क्रॉसवॉकच्या २० फुटांत गाडी लावायची नाही हा नियम रंग असो वा नसो लागू आहे. पण तो फक्त गाड्या क्रॉसवॉककडे येतात त्या बाजूला. क्रॉसवॉक तुझ्या गाडीच्या तोंडापुढे होता की पाठीमागे? ते आठव.

प्रेषक: सभासद, बोस्टन (पूर्वी सॅन होजे)

दादांनी सांगितलं ते सगळं पटलं. फक्त राज्य बदलणाऱ्यांसाठी दोन ओळी. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये दोन किंवा जास्त तिकिटं थकली की रजिस्ट्रेशनच नव्हे, लायसन्सचं नूतनीकरणही अडतं. माझ्या शेजारणीला हे लायसन्स संपायच्या आठवड्यात कळलं, त्यात दोन वर्षांपूर्वीचं एक मीटरचं तिकीट होतं जे ती विसरूनच गेली होती. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवताना कोणी पकडलं तर ती नोंद माणसाच्या नावावर होते, गाडीच्या नाही. आणि मॉलच्या किंवा खाजगी लॉटच्या कंपनीने लावलेलं 'तिकीट' हे शहराचं नसतं, ते कराराचं येणं असतं. वसुलीवाल्यांकडे गेलं तर क्रेडिट रिपोर्टवर दिसू शकतं, आणि बऱ्याच राज्यांत इन्शुरन्सवाले क्रेडिट बघतात. कागदावर वर कुणाचं नाव छापलंय ते आधी वाचा.

प्रेषक: सभासद, सनीव्हेल

दादा, ताई, मनापासून आभार. दोन्ही डिक्लरेशन पेजेस डायनिंग टेबलवर पसरून बसले. मैलांच्या ओळीत ८,००० होते तिथे १४,००० झालेत. ऑक्टोबरात ऑफिस बदललं आणि मीच नवं अंतर कळवलं होतं, हे पार विसरले होते. हप्ता तिथेच वाढलाय. आता आठवड्यातले तीन दिवस ट्रेनने जाते, तर खरे मैल मोजून उद्या कळवते.

आणि क्रॉसवॉक. तिकीट मिळालं त्या दिवशी वायपरखालच्या पाकिटाचा फोटो काढला होता. मोठा करून पाहिला. मागच्या काचेतून पांढरे पट्टे दिसतात, गाडीच्या पाठीमागे. आज संध्याकाळी टेप घेऊन तिथे जाऊन दुसरा फोटो काढला. दोन्ही जोडून फेरविचाराचा अर्ज आत्ताच पाठवला.