मल्लखांब खेळणाऱ्या मुलाच्या खांद्याची उखळ जन्मतःच उथळ निघाली, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

मुलगा १४ वर्षांचा, सातव्या वर्षापासून मल्लखांबावर. दिवाळीपासून उजवा खांदा कुरकुरतोय. दुखतो त्यापेक्षा "आई, आत काहीतरी सरकतं" हीच तक्रार जास्त. बगलीची पकड घेताना आणि जोर मारताना तर हमखास. पहिल्या डॉक्टरांनी वाढीचं वय म्हणून गोळ्या दिल्या. मीही दोन महिने तेल चोळत बसले.

मग अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांनी दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढायला लावले. दुखतोय एक, दुसऱ्याचा कशाला? पण दोन्हीकडे तेच निघालं! ग्लेनॉइड हायपोप्लेशिया. शाळेतला उखळीचा सांधा आठवतोय ना? खवाट्याच्या हाडाला जी उखळ असते, तिचा खालचा-मागचा काठ नीट वाढलेलाच नाही. हात पुढे करून भार दिला की दंडाच्या हाडाचा गोळा मागे घसरू पाहतो. जोर मारतानाच का सरकायचं ते तेव्हा उलगडलं.

बाळंतपण अवघड होतं का, जन्मल्यावर हात लुळा होता का, हेही त्यांनी विचारलं. जन्मताना खांद्याच्या नसांना ओढ बसली तरी उखळ अशी बिघडते म्हणे, पण सहसा एकाच बाजूची. आमच्याकडे तसं काही नव्हतं. घरात आणखी कुणाला? यावर आमचे हे गप्प. पंखा पुसताना यांचा हात पूर्ण वर जात नाही, आणि मी इतकी वर्षं तो आळस समजत होते!

सध्या जोर बंद, बैठका चालू. शस्त्रक्रियेचं आत्ताच नाव नको, आधी सहा महिने खवाट्याच्या आणि रोटेटर कफच्या (दंडाचा गोळा उखळीत धरून ठेवणाऱ्या) स्नायूंचे व्यायाम, असं ठरलंय. उखळीच्या कडेची कूर्चा फाटली आहे का ते बघायला शुक्रवारी सांध्यात डाय सोडून एमआरआय आहे.

कुणाच्या मुलाला हे झालंय का? पोहणारी, गोलंदाजी करणारी मुलं असली तरी सांगा. व्यायामाने सरकणं कितपत थांबलं? खेळ सोडावा लागला का? सर म्हणतात, खांब नको तर दोरीवर करू दे. मला पटत नाही, तिथेही भार हातांवर येतोच की.

आणि डाय टोचताना फार दुखतं का? हे तो विचारतोय. म्हणजे, मीसुद्धा.