मदत हवी आहे: एनएचएलच्या सॅलरी कॅपचा रोजचा हिशोब

मंडळी, आइस हॉकी पाहणारं इथे कुणी आहे का? एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधला खेळाडू मिक्को रँटानेन, याचे २०२५ मधले ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) समजून घेतोय. तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते, तीच सॅलरी कॅप. जानेवारीत कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाला दिलं, पण त्याच्या ९२.५ लाख डॉलरच्या कॅप हिटमधला (म्हणजे वर्षाला कॅपमध्ये धरल्या जाणाऱ्या रकमेतला) निम्मा भार तिसऱ्याच संघाने, शिकागोने, उचलला. बदल्यात त्यांना ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा एक हक्क, मिळाला. मार्चमध्ये तो डॅलसला गेला, तरी शिकागोचा निम्मा वाटा तसाच राहिला. काय सुंदर डोकं लावलंय! इथवर समजलं.

अडतंय ते पुढे. कॅप रोजच्या रोज मोजतात, म्हणून सीझनभर कॅपखाली १० लाख डॉलरची जागा राखली तर ती साठत जाते आणि मार्चमधल्या ट्रेडच्या शेवटच्या दिवशी त्याच्या चौपटीहून महागडा खेळाडूही बसतो. पण डॅलसचा सेगिन तेव्हा दीर्घ दुखापतीच्या यादीत, म्हणजे एलटीआयआरवर होता. या यादीतल्या खेळाडूमुळे संघाला कॅपच्या वर खर्च करायची सवलत मिळते, आणि ती सवलत वापरताना जागा साठत नाही म्हणतात. मग आधी साठलेली जागा बुडते की नंतर परत मिळते? यादीत टाकण्याचा दिवस संघ कशावरून ठरवतो? कुणी एखाद्या संघाचे खरे आकडे मांडून समजावलं तर फार बरं होईल.