मदत हवी आहे: फोटो दाखवायचा की लपवायचा?

नमस्कार मंडळी. धरमपेठेत आम्ही काही हौशी मंडळी जे. बी. प्रीस्टलींचं 'अॅन इन्स्पेक्टर कॉल्स' मराठीत बसवतोय. १९१२ सालची गोष्ट. सुरुवातीला प्रकाश गुलाबी, घरगुती; इन्स्पेक्टर आला की पांढरा, बोचरा. कारखानदार बर्लिंग 'ज्याने त्याने आपलं बघावं' हे पुरतं सांगूनही होत नाही, तोच दाराची घंटा वाजते. इथवर जमलंय.

अडलंय फोटोवर. इव्हा म्हणजे जिच्या आत्महत्येची चौकशी करायला इन्स्पेक्टर बर्लिंगच्या घरी येतो ती तरुणी; तिचा फोटो तो एका वेळी एकालाच दाखवतो. आमचे दिग्दर्शक म्हणतात, मागच्या भिंतीवर मोठी कोरी चौकट टांगू. मला ते प्रेक्षकाच्या हातात उत्तरपत्रिका दिल्यासारखं वाटतं. इन्स्पेक्टर पाठमोरा, फोटो छातीशी, एवढं पुरत नाही का?

दुसरं अंगठीचं. बर्लिंगची मुलगी शीला होणाऱ्या नवऱ्याला, जेराल्डला, साखरपुड्याची अंगठी परत करते, शेवटी जेराल्ड ती पुन्हा पुढे करतो आणि ती 'इतक्यात नाही' म्हणते. मधल्या वेळात अंगठी टेबलावर, ग्लासांमध्ये दिसत ठेवावी की जेराल्डच्या खिशात? काल तालमीत ती ग्लासात पडली, सगळे हसले, पण मला तेच आवडलं.

कुणी हे केलंय किंवा पाहिलंय का? बिनधास्त सांगा.