वर्गातील नाट्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण : कार्यरत शिक्षिकेने कोणता मार्ग धरावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना इतिहास आणि मराठी शिकवते. एम.ए. मराठी आणि बी.एड. या पदव्या झालेल्या आहेत. बी.एड.ला 'शिक्षणातील नाट्य व कला' हा विषय होता, परंतु आमच्या महाविद्यालयात त्याचे मूल्यमापन अखेरीस एका एकांकिकेवर आणि काही तक्त्यांवर उरकले गेले. स्नेहसंमेलनात नाटक बसवणे मला जमते आणि ते काम दरवर्षी माझ्याकडेच येते. मला शिकायचे आहे ते मात्र वेगळे आहे. प्रेक्षक नाहीत, रंगमंच नाही, एका तासिकेचा वेळ आहे आणि वर्गातील सगळी मुले सोबत आहेत, अशा परिस्थितीत एखादा प्रसंग कसा उभा करावा, की पाठातला प्रश्न मुलांना स्वतःचा वाटू लागेल, याचे पद्धतशीर शिक्षण मला हवे आहे. त्यासाठी नाट्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घ्यावी की एम.एड. करावे? नोकरी सोडणे शक्य नाही; अध्ययन रजेचा विचार करता येईल. या वाटेने गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अध्यापनपर्व

ताई, नाटक बसवणे आणि नाट्यातून शिकवणे यांत आपण जो फरक केला आहे, त्यावरच या विद्याशाखेची उभारणी झाली आहे. मी एका अध्यापक महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. निवड करताना ती उपयोगी पडेल.

या क्षेत्रात दोन परंपरा आहेत. १९६५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने नट-शिक्षकांचा एक गट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. त्यातून 'थिएटर इन एज्युकेशन' ही चळवळ वाढली. बाहेरून आलेला गट मुलांना सहभागी करून घेत प्रयोग करतो, हे तिचे स्वरूप आहे. दुसऱ्या परंपरेत वर्गशिक्षक स्वतःच नाट्याचा सूत्रधार असतो, आणि तिथे डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरणीत चौदाव्या वर्षी कामाला लागलेली ही मुलगी गिरणीमालकाच्या मदतीने नाट्यशाळेत गेली आणि १९५० पासून न्यूकॅसलमध्ये शिक्षकांना शिकवू लागली. पुढे देशोदेशीचे नोकरी करणारे शिक्षक त्यांच्याकडे शिकायला येऊन राहत. त्या प्रत्यक्ष मुलांसमोर उभ्या राहून शिकवत आणि जमलेल्या शिक्षकांना त्यांतील एकेका निर्णयाची चिकित्सा करायला लावत. पदव्युत्तर अभ्यासाचा तो नमुना मला आजही आदर्श वाटतो, कारण त्यात शिक्षकाचे वर्गातील काम हेच अभ्यासाचे साहित्य होते.

आपली गरज दुसऱ्या परंपरेची आहे, म्हणून मी एम.एड.कडे किंवा एम.ए. शिक्षणशास्त्राकडे झुकेन. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीपासून एम.एड. दोन वर्षांचे झाले असून त्यात लघुशोधप्रबंध अनिवार्य आहे. तो प्रबंध आपल्याच वर्गातील नाट्याधारित अध्यापनावर करता येतो. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) दूरशिक्षणाने होणारे एम.ए. शिक्षणशास्त्र आहे आणि त्यातही प्रबंध आहे. पदवीच्या नावात 'नाट्य' हा शब्द येणार नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. प्रवेशापूर्वी मात्र मार्गदर्शकाशी बोलावे. पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घेऊन सरासरीतला फरक दाखवला की संशोधन झाले, अशी ज्यांची धारणा आहे, त्यांच्या हाताखाली हा विषय गुदमरतो. वर्गातील संवाद, मुलांचे लेखन आणि शिक्षकाची दैनंदिनी यांना पुरावा मानणारा गुणात्मक संशोधनाचा जाणकार मिळाला, तरच पुढे जावे.

रंगपट

अध्यापनपर्व यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही नाट्यशिक्षणाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी नाट्यशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन नंतर शाळेत आलो.

पुण्यातील ललित कला केंद्र असो किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स असो, तेथील नाट्यशिक्षण पूर्णवेळ असते. सकाळी तात्त्विक तास आणि त्यानंतर रात्रीपर्यंत तालमी, असा दिनक्रम नोकरीबरोबर निभावत नाही. रजा मंजूर झाली तरच तो विचार करावा. तिथे मिळते काय, तर आवाज, शरीर, अवकाश आणि ताण यांची जाण. कोणत्या क्षणी थांबायचे, शांतता किती वेळ टिकू द्यायची, पाठमोरे उभे राहिल्याने काय घडते, हे पुस्तकातून येत नाही, आणि वर्गात भूमिका घेणाऱ्या शिक्षकाला नेमके हेच लागते. सातवीतल्या एखाद्या मुलाची शोकाची समज कुठवर पोहोचते, किंवा अभ्यासक्रमातील उद्दिष्टाशी प्रसंग कसा जोडायचा, हे मात्र तिथे शिकवले जात नाही. ते शिकवणे हे त्या अभ्यासक्रमांचे कामही नाही.

आणखी एक पर्याय सांगतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये दिल्लीत थिएटर इन एज्युकेशन कंपनी सुरू केली. पुढे त्रिपुरातील आगरतळा येथे याच विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. तो प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पदव्युत्तर पदवी नव्हे, त्यामुळे सेवापुस्तकात पदवीची नोंद व्हावी हा उद्देश असेल तर तो उपयोगाचा नाही. कौशल्याच्या दृष्टीने मात्र आपल्या गरजेच्या बराच जवळ जाणारा आहे.

आपल्याकडे बालनाट्याची परंपरा समृद्ध आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिट्ल थिएटर उभे केले, तेव्हापासून मुलांसाठी गांभीर्याने नाटक करणारी माणसे महाराष्ट्राला मिळत गेली. पण त्या वैभवामुळेच शाळेत 'नाट्य' म्हटले की मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर पडदा, वेशभूषा आणि पारितोषिक उभे राहते. हा समज बदलायचा, तर आधी आपल्या वर्गात काहीतरी घडलेले दाखवावे लागेल.

खडूफळा

वर्गात काय घडते याचे एक उदाहरण देतो. पदवीच्या निवडीशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सातवीच्या वर्गात १९७२ चा दुष्काळ घेतला होता. मुलांनी आधी घरातल्या वृद्धांकडून माहिती आणली होती : सुकडी (मदत म्हणून वाटला जाणारा कोरडा आहार), परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव. बाके भिंतीला लावून आम्ही कामाची जागा ठरवली. मुले मजूर झाली आणि मी मुकादम झालो. हातात फक्त हजेरीपट होता. मी म्हणालो, "साहेबांचा निरोप आहे. उद्यापासून या कामावर निम्मीच माणसे घ्यायची आहेत. कोणी थांबायचे ते तुम्हीच ठरवा, मला संध्याकाळपर्यंत यादी द्यायची आहे." बराच वेळ कोणी बोलेना. मग एरवी गप्प असणारी एक मुलगी म्हणाली, "ज्या घरातून दोघे येतात, त्यांच्यातल्या एकाने थांबावे." लगेच मागून प्रश्न आला, "आणि ज्याच्या घरात खाणारी आठ तोंडे आहेत, त्याचे काय?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "ते मला माहीत नाही. मला यादी पाहिजे."

थोड्या वेळाने मी हजेरीपट टेबलावर ठेवला आणि पुन्हा शिक्षक म्हणून बोलू लागलो. मुलांनी तहसीलदारांना अर्ज लिहिले. एरवी दोन ओळींवर थांबणाऱ्या मुलांनीही पान भरले. त्यानंतर रोजगार हमीचा १९७७ चा कायदा फळ्यावर आला, आणि मागेल त्याला काम हा शब्दप्रयोग मुलांनी स्वतःच त्या यादीशी जोडला.

आता मुद्द्यावर येतो. मी मुकादम का झालो, जिल्हाधिकारी का झालो नाही? जिल्हाधिकारी झालो असतो, तर मुलांनी माझ्याकडे मागणी केली असती आणि निर्णय माझ्या हाती राहिला असता. मुकादम हा मधला माणूस आहे. त्याला वरचा निरोप पोहोचवायचा असतो आणि उत्तर त्याच्याजवळ नसते, म्हणून विचार करण्याचे काम मुलांवर येते. भूमिकेचा दर्जा असा जाणीवपूर्वक निवडणे हीथकोट यांच्या परंपरेत शिकवले जाते आणि उच्च शिक्षणाची गरज नेमकी इथे आहे. नाट्यीकरण तर आपण सगळेच करतो. पण त्यामागच्या निवडी सुचण्यासाठी आणि सहकाऱ्यांना त्या समजावून सांगण्यासाठी अभ्यासाची शिस्त लागते.

नोंदींची चिंता असल्यास, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 'उपक्रम/कृती' आणि 'तोंडी काम' ही आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवताना चालणाऱ्या, मूल्यमापनाची साधने आहेतच. हे काम त्यांत रीतसर बसते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खडूफळा सरांचे उदाहरण वाचून एक शंका आली आहे आणि ती मला अस्वस्थ करते. मला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच पद्धतीने घ्यायचा आहे. माझ्या वर्गात दलित कुटुंबांतील मुले आहेत आणि ज्यांच्या घरांत जातीचा अभिमान जपला जातो अशीही आहेत. भूमिका वाटताना कोणाला काय द्यावे? नाट्यामुळे एखाद्या मुलाला वर्गातच अपमान सोसावा लागला, तर त्या पाठाला काय अर्थ उरेल?

अध्यापनपर्व

ही शंका आपल्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी असावी, असे मी मनापासून सांगतो. तळ्यावरचा प्रसंग मुलांकडून करून घेऊ नये. ज्या मुलाने तो अपमान घरी ऐकलेला किंवा अनुभवलेला आहे, त्याला तो पुन्हा सोसायला लावण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, आणि दुसऱ्या मुलाला अपमान करण्याची तालीम देण्याचाही नाही. हीथकोट यांच्या विचारात यासाठी अंतराची कल्पना आहे. घटनेकडे कोणत्या माणसांच्या नजरेतून पाहायचे हे शिक्षक आधी ठरवतो आणि त्या नजरेमुळे मुलांना संरक्षण मिळते.

उदाहरणार्थ, संपूर्ण वर्गाला एखाद्या संग्रहालयाचे अभ्यासक करावे. त्यांना महाडविषयीचे दालन मांडायचे आहे आणि समोर कागदपत्रे आहेत. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे कागदोपत्री मान्य केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांना तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. अभ्यासकांपुढचा प्रश्न असा की, ठराव आधीच झालेला असताना पाणी का मिळत नव्हते, आणि दालनात येणाऱ्या माणसाला हे कसे समजावे? पाटीवर कोणते वाक्य लिहायचे यावर मुले वाद घालतील, तेव्हा इतिहास, भाषा आणि न्याय हे तिन्ही विषय एकाच टेबलावर येतील आणि कोणत्याही मुलाला स्वतःची जात भूमिका म्हणून वागवावी लागणार नाही. आपण संग्रहालयाच्या लिपिक व्हावे. वाक्य थोडे मवाळ करता येईल का, असे वरून विचारले आहे, एवढाच निरोप आणावा.

प्रवेशासाठी जाताना हाच घटक टिपण म्हणून सोबत न्यावा आणि संभाव्य मार्गदर्शकांना दाखवावा. जे मुलांच्या सुरक्षिततेविषयी आणि पालकांच्या संमतीविषयी आधी विचारतील आणि गुणांच्या तक्त्याविषयी नंतर, त्यांच्याकडे नाव नोंदवावे. तालमीच्या बाजूसाठी रंगपट यांच्यासारख्या रंगकर्मीला सहनिरीक्षक म्हणून वर्गात बसवता आले, तर अवश्य बसवावे.