स्किझोटायपल स्वभाव आणि अँटीसॅकेडमधील चुका: कितपत अर्थ काढावा?

प्रश्न (एम.ए. मानसशास्त्र, नागपूर)

नमस्कार. स्किझोटायपल स्वभावविशेष (स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांची सौम्य झाक असलेले, पण आजार नसलेले विचार आणि वागणे) आणि डोळ्यांच्या हालचालींवरील नियंत्रण यांचा संबंध हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. हे स्वभावविशेष मोजणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ रेन यांच्या १९९१ सालच्या ७४ प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून विद्यार्थ्यांचे जास्त गुणांचा आणि कमी गुणांचा असे दोन गट करायचे, आणि दोन्ही गटांकडून अँटीसॅकेड चाचणी करून घ्यायची, असे ठरवले आहे. या चाचणीत पडद्याच्या एका बाजूला ठिपका उमटताच त्याच्याकडे न पाहता उलट दिशेला तेवढ्याच अंतरावर नजर न्यावी लागते. ज्यांच्या चुका जास्त होतील त्यांना पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका आहे, असे लिहिता येईल का? शिवाय नजर टिपणारे यंत्र आमच्या विभागात नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर भागेल का?

उत्तर १ (मनोविकारतज्ज्ञ)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. चांगल्या निरोगी माणसाचीही नजर अशा चाचणीत अनेकदा ठिपक्याकडे ओढली जाते, कारण अचानक दिसलेल्या वस्तूकडे पाहणे ही डोळ्यांची उपजत सवय आहे आणि ती रोखण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागाला जाणीवपूर्वक लगाम घालावा लागतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये हा लगाम सैल पडतो, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. स्किझोटायपल गुण जास्त असलेल्या, पण आजारी नसलेल्या लोकांमध्ये मात्र फरक लहान असतो, तो गटांच्या सरासरीत दिसतो, आणि सगळ्याच अभ्यासांत दिसतो असेही नाही.

या विषयाचा इतिहास मोठा आहे. हलत्या वस्तूचा नजरेने सलग पाठलाग करण्यातला या रुग्णांमधला दोष डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ सालीच नोंदवला होता. १९७३ पासून हॉल्झमन आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा चर्चेत आणला आणि रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही तो आढळतो हे दाखवले. स्वभावगुणांकडे संशोधकांचे लक्ष वळण्यामागे हा एक मोठा धागा आहे. औषधे आणि दीर्घ आजारपण यांचा परिणाम वगळून मूळ प्रवृत्ती पाहता यावी, म्हणून असे गट निवडतात. निदानासाठी ही चाचणी वापरू नये, आणि सहभागी विद्यार्थ्याला ‘तुझ्या चुका जास्त आहेत’ असे सांगून घाबरवू तर मुळीच नये.

उत्तर २ (नेत्रहालचालींवर काम करणारा)

कॅमेऱ्याबद्दल सांगतो. लॅपटॉपचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे टिपतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि नजरेची एक झेप तेवढ्या वेळात संपूनही जाऊ शकते. नजर प्रथम कोणत्या बाजूला गेली एवढे ढोबळपणे मोजता येईल, पण झेप सुरू व्हायला किती वेळ लागला हे विश्वासाने सांगता येणार नाही. म्हणून प्रबंध चुकांच्या प्रमाणापुरताच ठेवा, आणि प्रत्येक चुकीनंतर सहभागी आपणहून नजर योग्य बाजूला वळवतो का, हेही नोंदवा. तसे केल्यास सूचना कळली होती आणि फक्त नजर आवरता आली नाही, असे समजायला आधार मिळतो. उन्हाळ्यात चाचणी घ्याल तर कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नका. डोळे कोरडे पडले की पापण्या सारख्या मिटतात आणि नोंदी वाया जातात.

उत्तर ३ (संशोधक विद्यार्थी, नागपूर)

ताई, आपल्याकडे एक गोष्ट हमखास विचारा: सहभागी खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातो का, आणि शेवटचा कधी खाल्ला? निकोटिनने अँटीसॅकेडमधील चुका कमी होतात असे काही अभ्यासांत दिसले आहे. उलट, तलफ आलेल्या माणसाचे लक्ष लागत नाही. चाचणीच्या ऐन आधी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून आलेला मुलगा आणि सकाळपासून खर्रा न खाल्लेला मुलगा यांची तुलना करून चालणार नाही. झोप आणि आदल्या रात्रीचे मद्य यांचीही नोंद ठेवा.

प्रश्नावलीतील अद्भुत श्रद्धांबद्दलचे प्रश्नही जपून वाचा. दृष्ट लागते असे मानणाऱ्या घरातला मुलगा त्यावर ‘होय’ म्हणेल, पण त्याच्या भोवतालच्या सगळ्यांनाच तसे वाटत असेल तर तो विचित्र ठरत नाही. निदानाच्या निकषांतही आपल्या समाजगटाच्या रीतीशी विसंगत असलेल्याच श्रद्धा धरल्या आहेत. त्यामुळे एकूण गुणांवर गट न पाडता, श्रद्धा-संशय, एकलकोंडेपणा आणि विस्कळीत बोलणे या घटकांचे गुण वेगळे काढून प्रत्येकाचा चुकांशी असलेला संबंध स्वतंत्रपणे तपासावा.