मदत हवी आहे: वाडग्यांच्या तळाला इंग्रजी 'एस'सारखी चीर जाते

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय सिरॅमिक. मूळची सातारा जिल्ह्यातली. घरी कुंभारकाम आहे, आबा (आजोबा) अजून चाकावर बसतात. "कुंभाराच्या पोरीनं माती शिकायला मुंबईला कशाला जायचं?" यावरून घरात महिनाभर वाद झाला होता. म्हणून हा प्रश्न घरी विचारायचा धीर होत नाही, इथे विचारते.

सबमिशनला सहा वाडगे आणि तीन झाकणाच्या बरण्यांचा सेट द्यायचा आहे. आतापर्यंत ११ वाडगे केले, त्यातले ७ चिरले. ओलं असताना तळ अगदी गुळगुळीत असतो. चौथ्या दिवशी माती पांढरट पडायला लागली की मधोमध केसाएवढी रेघ उमटते, एक टोक डावीकडे वळलेलं, दुसरं उजवीकडे. नख फिरवलं की अडतं. दोन वाडग्यांत तर काहीच दिसत नव्हतं, बिस्किट भट्टीतून (काचेच्या लेपाआधीची पहिली भाजणी, आमची १००० अंशांपर्यंत जाते) बाहेर आले ते आरपार चिरलेले.

माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची, टणक होणारी), तयार विकत घेतलेली. भरपूर मळते. ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) मिसळून पाहिला. प्लास्टिकखाली वाळवलं. चिरेत व्हिनेगर घातलेली स्लिप (पातळ कालवलेली माती) भरली, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. त्यात हा पावसाळा, स्टुडिओत एका फळीवर चौघांचं काम, आणि भट्टीत जागा मिळायला आठवडा जातो. रात्री हॉस्टेलवर येते तेव्हा नखांत माती असते आणि हातात दाखवण्यासारखं काही नसतं. फार खचल्यासारखं झालंय. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

तुझ्याएवढी मुलगी आहे मला, म्हणून अगं-तुगं करते. वीस वर्षं स्टुडिओ चालवतेय, या चिरेनं मलाही रडवलंय.

ही चीर वाळताना दिसते, पण जन्मते चाकावर. भिंत वर ओढताना तिथली माती बोटांखाली दाबली जाते. तळाला तसा दाब बसत नाही, माती सैल राहते, वर आतलं पाणीही तिथेच साचतं. पुढे वाळताना आणि भाजताना मिळून स्टोनवेअर साधारण १० ते १२ टक्के आकसतं. कडा आधी वाळून घट्ट होते, तळ मागून आकसायला लागतो तेव्हा त्याला सरकायला जागा नसते, मग मध्येच फाटतो. भरलेली स्लिप टिकत नाही, कारण तीही आकसतेच. चिरलेलं भांडं मातीच्या बादलीत टाक, त्यावर वेळ घालवू नकोस.

आता एक सांग, प्रत्येक वाडग्याला वेगळा गोळा घेतेस, की चाकावर मोठा लोंदा ठेवून वरून एकेक काढतेस?

प्रतिसाद २

एक ओला वाडगा तारेने उभा कापून बघा. जीवावर येतं, पण तळ किती जाड आहे ते लगेच कळतं.

धागाकर्ती

मोठ्या लोंद्यावरूनच काढते! आबा पणत्या तशाच काढतात, लहानपणापासून हात तसाच बसलाय. वाडगा कापला: भिंत ६ मिलिमीटर, तळ १४.

प्रतिसाद १

सापडलं मग. लोंद्यावर तळाखाली मऊ मातीच असते, चाकाचा कडक आधार मिळत नाही, त्यामुळे दाब बसतच नाही. पणती एवढीशी असते म्हणून निभावून जाते. प्रत्येकाला वेगळा गोळा घे. गोळा मधोमध उघडून तळ केलास की रबरी पट्टीने मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, चार-पाच वेळा दाबून फिरव. भिंत ओढून झाली की आतलं पाणी स्पंजने टिप. कडा उचलण्याइतकी घट्ट झाली की उलटा ठेव, कडेला प्लास्टिक, तळ उघडा. आणि बाई, आबांना फोन कर.

धागाकर्ती

नऊ दिवसांनी लिहितेय. फोन केला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बूड ठोकलंस का?" आमच्याकडे माठ चाकावरून उतरला की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकतात, माती थापीला चिकटू नये म्हणून राख लावतात. मी हे जन्मापासून बघत आलेय, पण ते फक्त आकार वाढवायला करतात असं समजत होते. तळाची माती आवळायचं कामही तेच करतं! फोन ठेवताना म्हणाले, "सुट्टीत ये, तुझी ती पांढरी माती घेऊन ये." मला रडूच आलं.

नवे सहा वाडगे केले. सहाही कोरडे झाले, एकालाही चीर नाही. काल बिस्किट भट्टी उघडली, सहाही शाबूत. ताई, खूप खूप आभार.

आता बरण्या. झाकणं वेगळी वाळवू की बरणीवर ठेवून?

प्रतिसाद १

बरणीवर ठेवूनच, म्हणजे दोन्ही बरोबरीनं आकसतील. बिस्किटलाही तशीच घाल. ग्लेझ (काचेचा लेप) लावताना झाकण जिथे टेकतं ती कड दोन्हीकडून पुसून घे, नाहीतर कायमचं चिकटेल. सेटचा फोटो टाक इथे.